सवलतीत पास झालेला टॅब

ब्रह्मदेवाने सृष्टी घडवली तेव्हा आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका तिथे हजर असते, तर अजून सूर्य उगवला नसता. काकांनी तो हातात घेऊन उलटा केला असता, कडेवरून अंगठा फिरवला असता आणि "गोलाईत फरक आहे, रिजेक्ट!" म्हणून परत पाठवला असता.

पावणे एमआयडीसीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात तयार माल तपासण्यात काकांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाले ते फक्त पगारातून. नेरूळच्या आमच्या सोसायटीत नवी लिफ्ट बसली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी आत शिरून उड्या मारल्या. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आणि आतून कृतार्थ आवाज आला, "बघा! म्हणालो नव्हतो?" सारसोळ्याची कोळीणमावशी पाटी घेऊन आली की काका एकेका पापलेटाच्या डोळ्यांत डोळे घालून बसतात. शेवटी ती वैतागून म्हणते, "काका, म्हावरा घ्याचा हाय, का त्याच्याशी सोयरीक जमवाची हाय?" सोयरिकीचंही तसंच. काकूंना बघायला गेले तेव्हा यांनी म्हणे आधी बसायची खुर्ची उलटी करून पाय मोजले. "मला अजून पास केलेलं नाही बरं का," असं काकू पोहे देतादेता सांगतात, आणि काका ते नाकारत नाहीत.

अशा माणसाला खरेदीला कोण नेतं? मी नेलं. त्याआधी मी एकटा जाऊन आलो होतो, म्हणून नेलं. झालं असं, की आमच्या मुक्ताला मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात एमबीबीएसला प्रवेश मिळाला. हल्ली ती जाडजूड पुस्तकं पडद्यावरच वाचतात आणि हाडांची, नसांची चित्रंही पडद्यावरच काढतात, तेव्हा एकतर पेनवाला टॅब घे, नाहीतर पडदा सुटा होणारा लॅपटॉप घे, असं तिच्या सिनिअर मुलींनी सांगितलं. मुक्ताला टॅब हवा होता. मला लॅपटॉप, कारण तो डॉक्टरच्या टेबलावर शोभतो. म्हणून मी वाशीच्या दुकानात जाऊन मोठ्या जाणकारीने एक लॅपटॉप उघडला आणि त्याचा पडदा सोडवायला घेतला. तो सुटेना. मी जोर लावला. 'कट्' असा आवाज झाला आणि अख्खं दुकान वळून बघू लागलं. "सर," विक्रेता हळूच म्हणाला, "ये वाला निकलता नहीं." बायकोला मी एवढंच सांगितलं, की त्या दुकानातला माल काही खास नाही.

दुसऱ्या खेपेला दुसरं दुकान, बरोबर मुक्ता आणि काका. काकांनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला, खाल्ला, आणि त्याच हाताने सगळे पडदे चालवून पाहिले. "पोरगी खात खात अभ्यास करते, मला माहीत आहे." ते खरंच होतं. आम्ही दोघं नोकरीवर, त्यामुळे मुक्ताचा बालवाडीपासूनचा सगळा अभ्यास त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर झाला होता. मग ती लोळून वाचते म्हणून काका दुकानाच्या सोफ्यावर आडवे झाले आणि टॅब नाकासमोर धरला. "अंकल, इधर सोने का नहीं!" "सो नहीं रहा हूँ, टेस्टिंग चालू है!"

पडदा सुटणाऱ्या लॅपटॉपचा निकाल एका वाक्यात लागला. "आमच्याकडे एक फिटर-कम-ड्रायव्हर होता. नळ चालवायचा आणि गाडी आवळायचा. रिजेक्ट." उरला टॅब. "काढ बघू माणूस," काका म्हणाले. "पुढे माणसंच काढायचीत." मुक्ताने समोर दिसला तो माणूस काढला. काकांनी चित्रातलं स्वतःचं नाक बराच वेळ निरखलं. "पेनात दोष आहे."

त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने परतलो. नंतरही तेच. एकाची कड बोचते, एक तापतो, एकाचं बटण 'मनापासून दाबलं जात नाही'. तिकडे हॉस्टेलला जायचा दिवस जवळ आला, बायको भांडी जोरात ठेवू लागली. शेवटी त्याच सोफ्यासमोर मुक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, परवा जातेय मी. आता तरी हो म्हणा ना. नाहीतर वही-पेन घेऊन जाते, पण हे रिजेक्ट-रिजेक्ट बास."

काकांनी हातातला टॅब पुसला, परत पुसला. मग म्हणाले, "कारखान्यात माल तातडीचा असला आणि दोष बारीक असला, की साहेब 'सवलतीत पास' करायचा. मी कधी सही केली नाही त्याच्यावर." आणि त्यांनी टॅब तिच्या हातात दिला. "घे. सवलतीत पास. पण काही बिघडलं तर बापाला नाही, मला फोन करायचा."

टॅब उत्तम निघाला, आणि तिथेच पंचाईत झाली. काही बिघडेचना. मुक्ता तिकडे बरगड्या रंगवण्यात बुडाली. आम्हालाच तिचा फोन दोन मिनिटांचा, तर काकांना कुठून येणार? ते रोज संध्याकाळी आमच्या दारात. "काही तक्रार?" "नाही काका, मस्त चाललाय." "छान, छान," म्हणायचे आणि उंबऱ्यावरूनच परत फिरायचे. माल चांगला निघाला की तपासणाऱ्याची आठवण कोणाला राहते? त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आता काकू भाजी निवडतात. काका शेजारी बसून एकही देठ रिजेक्ट करत नाहीत, असं काकूच काळजीने सांगत होत्या.

परवा मला राहवलं नाही. "काका, पेन जरा अडतंय म्हणत होती," मी थाप मारली. काकांचा चेहरा असा उजळला, की मला थाप मारल्याचं पुण्य लागलं. तिथेच उभ्याने त्यांनी स्पीकरवर फोन लावला. पोरगी बापावर गेलेली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो ना काका, बरगडीच्या वळणावर अडतं." मग कुठल्या बरगडीच्या, बसून की लोळून, लाडू खाऊन की न खाता, मेसची डाळ कशी असते, पातळ का असते, खोलीतला पंखा आवाज करतो का, असा तपास चालला. मेस रिजेक्ट झाली. पंखा रिजेक्ट झाला. पलीकडून हसण्याचा आवाज येत राहिला आणि माझा चहा निवून गेला.

फोन ठेवून काकांनी चष्मा पुसला. "दोष किरकोळ आहे," ते म्हणाले, "पण असल्या दोषांवर लक्ष ठेवावं लागतं. रविवारी परत बघतो." आणि मुक्ता गेल्यापासून पहिल्यांदा, मी या न म्हणताच, ते आत येऊन बसले.