गाणं सुरू व्हायच्या आधीच

आज मामा मला मुलगी बघायला कंधारला घेऊन गेले. गाडीत मी माझ्या आवडत्या ब्रिटिश जॅझ-फंक बँडचं एक गाणं लावलं. अल्बममधल्या हिट गाण्यांच्या मागं राहून गेलेलं. आधी बराच वेळ नुसती बेस गिटार वाजते, मग गायिका हळूच येते.

ती यायच्या आत मामा म्हणाले, "कवा सुरू व्हायचं हे?" आणि बंदच केलं.

पोहे खाताना मुलीनं विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?"

मामाच बोलले, "त्याला काहीबी चालतंय."

परतताना त्यांनी गाडीतूनच मुलीच्या घरी फोन लावला, "आमच्याकडून पक्कं." तिकडूनही लगेच होकार आला.

तिला काय आवडतं, ते विचारायचं राहूनच गेलं. लोकहो, लग्न ठरल्यावर पहिल्यांदा बोलायचं तर सुरुवात कुठून करतात?