जितेशची दोन बोटं

आज दुपारी जितेश विहिरीपाशी पंपाचा वॉशर बदलत बसला होता. मागच्या दारातून मी त्याला हाक मारली, मग आणखी मोठ्यानं मारली. शेजारच्या वाडीतला कुत्रा भुंकायला लागला, पण माझ्या मुलानं मान वर केली नाही. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो दचकला. म्हणाला, "काय गं आई, भुतासारखी येतेस!" हसलो दोघंही. पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. आता सगळे झोपलेत आणि मी लिहायला बसलेय.

त्याचे कान जाताहेत. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे कान जाणं काही जगावेगळं नाही, यंत्र लावून लोक संसार करतातच. पण जितेशचे कान गेले तर त्याचा रेडिओ जाईल. आणि ही गोष्ट कुणापाशी बोलायची नाही, असं त्यानं मला बजावून ठेवलंय.

हा रेडिओ गाणी ऐकायचा नव्हे. सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन, घरच्या घरी संदेश पाठवायचा आणि जगात कुठूनही उत्तर आलं तर ते टिपून घ्यायचं, असा हा छंद. हॅम रेडिओ म्हणतात त्याला. बोलूनही करता येतो, पण जितेशला पहिल्यापासून मोर्सचंच वेड. आखूड आणि लांब ठोक्यांची अक्षरं.

हे वेड त्याला रॉबर्ट अंकलनी लावलं. भुईगावात आमच्यापासून दोन वाड्या सोडून ते राहत. जन्मभर जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. दहावीच्या सुट्टीत मी जितेशला त्यांच्याकडे केळफूल द्यायला पाठवलं, तो दिवेलागणीला परतला. दुसऱ्या दिवशी केळफूल नसतानाही गेला. मग घरात सगळीकडे ठोके सुरू झाले. ताटावर, खिडकीच्या गजावर, आजीच्या पानाच्या डब्यावर.

"ताट फुटेल, पण परीक्षा काही पास होणार नाही," त्याचे वडील म्हणायचे.

"पप्पा, मी आत्ता काय वाजवलं माहीत आहे?"

"नको सांगूस. माझ्याबद्दलच असणार."

रॉबर्ट अंकल मात्र कडक होते. म्हणायचे, "बोटानं नको मारू रे, मनगटानं मार. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. नाव न सांगता तू कोण ते ओळखू आलं पाहिजे." परीक्षेत जितेश एकदा नापास झाला. दुसऱ्या वेळी पास झाला आणि आमच्या दोन माडांच्या मध्ये तांब्याची तार चढली. तिचं नाव अँटेना. त्यानंतर नारळ पाडायला आलेला माणूस अर्ध्या माडावरून ओरडला होता, "वहिनी, करंट आहे का ह्याच्यात? आधी सांगा, मग शेंडा गाठतो!"

पुढे समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली आणि तो देशोदेशी फिरला. पहिल्यांदा ओमान. तिथली परवानगी लवकर येईना. बरोबरची मुलं सुट्टीला बाजारात जायची, हा खोलीत नुसता ऐकत बसायचा. मी फोनवर म्हटलं, "सोड ना तो नाद." तर म्हणाला, "आई, उत्तर द्यायची बंदी आहे, ऐकायची नाही." परवानगी येईपर्यंत त्यानं ऐकून ऐकूनच शेकडो लोकांचे हात ओळखीचे करून घेतले होते.

मग नामिबिया. एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि रोज सकाळी खारं धुकं. तारेचे सांधे गंजायचे, हा ते दर आठवड्याला गोड्या पाण्यानं पुसायचा. तिथून रविवारी संध्याकाळी तो रॉबर्ट अंकलना गाठायचा. मी आणि जितेशचे पप्पा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. अंकल कानाला हेडफोन लावून लिहीत जायचे आणि मध्येच मान वर करून सांगायचे, "पोरगा म्हणतोय, भात करपला." एवढ्या समुद्रापलीकडून करपलेल्या भाताची बातमी यायची आणि मला निवांत झोप लागायची.

शेवटी माल्टा. तिथं गच्चीवर अँटेना बांधली, तर घरमालकीण तिच्यावर चादरी वाळत घालायची. त्यानं भांडण केलं नाही. तिच्या कपड्यांसाठी वेगळी, जास्त मजबूत दोरी बांधून दिली. तरी ती चादरी ह्याच्याच तारेवर घालायची. "तुझी जास्त उन्हात आहे," म्हणे. शेवटी ह्यानं तार हलवली. प्रत्येक देशात नवी परवानगी, नवं ओळखनाव, पुन्हा पहिल्यापासून. एकदाही त्याच्या तोंडून कंटाळा आला असं ऐकलं नाही.

ह्या सगळ्या वर्षांत दिवसभर तो मोठमोठ्या पंपांच्या घरघरीत उभा होता. कानाला बोळे लावायचा, पण दुरुस्तीत पंपाचा आवाज नीट कळावा म्हणून काढायचा. कानांनी ते सगळं सोसून ठेवलं होतं.

वडील गेल्यावर तो कायमचा परतला. आता बोळिंजच्या सोसायट्यांमधली पाणी शुद्ध करायची यंत्रं बघतो. तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, अजून कमी होत जाणार. मशीन लावा. मशीन लावलं, पण बाहेरचं कुणी आलं की ते खिशात. लावलं की समोर बसून बोललेलं कळतं, पण रेडिओच्या खरखरीतून आलेला बारीक सूर त्यात बुडून जातो. मग त्यानं संचाचा सूर खाली आणला. तोही ऐकू येईना तेव्हा आणखी खाली. मी म्हटलं, आता बेडूक ओरडल्यासारखं वाटतंय. म्हणाला, "बेडूक तर बेडूक."

मग गेल्या पावसाळ्यात त्याच्या हातून एक चूक झाली.

डोंगराकडच्या गावांत पाणी भरलं, मोबाइल बंद पडले. सातिवलीला प्लॅस्टिकच्या बाटल्यांचं छोटं युनिट चालवणारा अल्पेश जितेशचा रेडिओमित्र. तिकडच्या एका हॅमचा अगदी क्षीण संदेश तो टिपत होता. कुठल्या पाड्यावर कोण आजारी, कुणाला औषध हवं. रेडिओवाल्यांचा पहिला नियम असा, की आधी ऐकायचं, वाट रिकामी आहे का विचारायचं, मगच आपण सुरू व्हायचं. जितेशनं ऐकलं, विचारलं. समोरून "थांब" असं उत्तर आलं होतं. ह्याला ते ऐकू आलं नाही. ह्यानं मोर्सची कळ दाबायला सुरुवात केली आणि तो सगळा संदेश ह्याच्या ठोक्यांखाली गेला.

अल्पेशचा फोन आला. एरवी लाघवी मुलगा, पण त्या दिवशी चिडला होता. "जितूभाई, तुम्ही? नवीन पोरगा असता तर समजलं असतं यार!" संदेश पुन्हा मागवता आला, औषध पोचलं. पण जितेशनं "सॉरी" एवढंच म्हटलं, संच बंद केला आणि वर टॉवेल टाकला. सून म्हणाली, "अहो, खरं कारण सांगून टाका ना." तो ताटावरून उठला.

मला वाटलं, संपलं. आठवडाभर त्यानं त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मग एका सकाळी बघते तर जुन्या स्पीकरची जाळी काढून ठेवलेली, आतला कागदी पडदा उघडा आणि त्यावर ह्याची दोन बोटं. डोळे मिटलेले.

"काय करतोयस?"

ऐकू आलं नाही. मी समोर गेले तेव्हा त्यानं माझा हात धरून पडद्यावर टेकवला. मुंगी चालावी तशी थरथर. आखूड, लांब, आखूड.

"हे क आहे की ख?" मी विचारलं.

"हे इंग्रजी आर आहे, आई. तुझी बाराखडी अजून यायचीय." आणि कितीतरी दिवसांनी तो मोकळा हसला.

तेव्हापासून रोज पहाटे तो बोटांनी वाचायला शिकतोय, पहिलीतल्या पोरासारखा. कॉम्प्युटर अक्षरं पाठवतो, हा लिहून घेतो. आता ती सगळी बरोबर येतात. पण खऱ्या रेडिओवर बोटं ठेवली की निम्मं चुकतं. आज जेवणानंतर त्यानं कारण सांगितलं. "कॉम्प्युटरचा हात एकसारखा असतो, आई. माणसाचा नसतो. कुणी ओढतो, कुणी तोडतो. मला माणसाच्या हाताची सवय हवी. रोज. हळू."

"मग अल्पेशला सांग. तो पाठवेल."

"काय सांगू? मी बहिरा झालो, मला बालवाडीत घे?"

"हो. हेच सांग."

"पूर्ण जमेपर्यंत कुणाला कळता कामा नये. तूही बोलायचं नाहीस." त्याचा आवाज चढला. हल्ली त्याला स्वतःचा आवाज किती चढलाय तेही कळत नाही. तो आत निघून गेला.

परवाच अल्पेश आला होता. जितेश त्याला दारातूनच "काम आहे" म्हणाला. जाताना तो माझ्यापाशी थांबला. "मावशी, भाई अजून रागावलेत का? मी जास्त बोललो त्या दिवशी." मी हळदीची पानं त्याच्या हातात दिली आणि दिलेल्या शब्दाखातर गप्प राहिले. तो बिचारा स्वतःलाच दोष देत गेला. इकडे जितेश एकटा यंत्राशी झगडतोय आणि कान तर थांबायला तयार नाहीत. आत्ता, थोडंफार ऐकू येतंय तोवर, कान आणि बोटं दोन्ही मिळून शिकला तर तो शिकेल. पुढच्या वर्षी नुसत्या बोटांवर शिकणं किती अवघड जाईल, हे मला त्याच्याइतकंच कळतं. मानापायी माझा मुलगा हे वर्ष घालवायला निघालाय.

आईनं शब्द मोडला म्हणून तो चिडेल. दोन दिवस बोलणार नाही. न बोलू दे.

अल्पेशच्या युनिटमध्ये आज रात्रपाळी आहे, तो जागा असेल. त्याला सांगणार आहे, बाबा, जितेश तुझ्यावर रागावलेला नाही, त्याला ऐकू येत नाही. उद्या संध्याकाळपासून रोज त्याच्यासाठी हातानं पाठवत बस, सावकाश, तो तुझा हात ओळखेपर्यंत. आणि त्यानं नको म्हटलं तरी ऐकू नकोस. युनिटमधल्या आवाजात पहिला फोन अल्पेशला कळला नाही, तर दुसरा करीन. चष्मा सापडला. नंबर लावते.