तुंगार्लीच्या किचनमधले दोन मणिपुरी

हॉटेलच्या किचनमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. दर शनिवारी पाहुणे नवे येतात आणि प्रश्न जुनेच आणतात. लोणावळ्यात तुंगार्लीच्या आमच्या हॉटेलात त्यातले निम्मे प्रश्न थांगबोई आणि इबोमचा या दोन पोरांच्या वाट्याला यायचे. दोघंही मणिपूरचे; थांगबोई कुकी, इबोमचा मैतेई. हा फरक आम्हाला फार उशिरा कळला.

*

एका पाहुण्याने थांगबोईला विचारलं, इंडियात येऊन किती वर्षं झाली?

"सर, मैं पैदा ही इंडिया में हुआ."

"अच्छा! लोणावळ्यात?"

*

स्वातंत्र्यदिनाला मॅनेजरसाहेबांनी राष्ट्रीय एकात्मतेचा कार्यक्रम ठेवला. ज्याने त्याने आपल्या राज्याचा पोशाख घालायचा. या दोघांना आसामचा गमछा मिळाला. आमचं राज्य वेगळं, असं इबोमचा म्हणाला. साहेब म्हणाले, फोटोत कळत नाही. तो फोटो अजून रिसेप्शनवर आहे, आणि खरंच कळत नाही.

*

एकदा दोघांना पवनानगरला माझ्या घरी जेवायला नेलं. आईने विचारलं, "कुटलं रं तुमी?" मी म्हटलं, लय लांब, गाडीनं निम्मा आठवडा जातो. तिने दोघांच्या ताटात आणखी भात वाढला.

"मंग आजारी पडल्यावर रं?"

दोघं खाली मान घालून भात खात राहिले.

*

मग त्यांच्याकडे कुकी आणि मैतेई लोकांत पेटलं. थांगबोईचं गाव जळलं, इबोमचाच्या घरचे छावणीत गेले. साहेबांनी दोघांना बोलावून सांगितलं, तुम्ही एकाच राज्याचे, एकमेकांना धीर द्या. एका खोलीत राहणारी ती पोरं त्या दिवसापासून वेगवेगळी जेवू लागली. मला राहवलं नाही. भांडण कशावरून, म्हणून इबोमचाला विचारलं.

"हमारा झगड़ा नहीं है, भाऊ. घर से पूछते हैं, रूम में कौन है."

पुढे तो नोकरी सोडून आईबापाकडे गेला. थांगबोई त्याला सोडायला स्टेशनवर गेला नाही. त्याच्याशी मणिपुरीत बोलणारं हॉटेलात कोणीच उरलं नाही. मला त्याच्याकडे बघवत नसे.

*

परवा इबोमचाचा मला फोन आला. थांगबोईला फोन केल्याचं तिकडे कळलं असतं तर इबोमचाची धडगत नव्हती, त्यामुळे त्याने ते नावच काढलं नाही. एवढंच विचारलं, "भाऊ, किचन में हो? स्पीकर ऑन करो." मी फोन ओट्यावर ठेवला आणि तो मणिपुरीत बोलू लागला. मला एक अक्षर कळेना. मी आपला "व्हय, व्हय" करत होतो. शेजारी थांगबोई कांदा चिरत होता. त्याची सुरी थांबली, पण त्याने मान वर केली नाही.

बोलणं संपलं. मी फोनकडे हात नेला.

"भाऊ," थांगबोई म्हणाला, "अभी मत काटो."