बाबांना दिलेला लाइन क्लिअर

बाबांना वाईट बातमी सांगायला मी एक पब निवडला, यावरूनच माझ्या अकलेचा अंदाज यावा. माझे वडील चौतीस वर्षं रेल्वेत होते, त्यातली शेवटची अठरा स्टेशन मास्तर म्हणून. दारूचा थेंब कधी घेतला नाही, बाहेरचा चहासुद्धा नाइलाज झाला तरच. पण सिंगापुरात एक जुनं रेल्वे स्टेशन होतं. गाड्या बंद झाल्यावर त्याचा पब केला होता. मला वाटलं, स्टेशन बघून त्यांचं मन जरा रमेल, मग हळूच विषय काढता येईल.

विषय एवढाच होता की आमच्याकडे कायम राहण्यासाठी त्यांना जो लांब मुदतीचा पास लागत होता, तो नाकारला गेला होता. मेल शुक्रवारी आली होती आणि आज रविवार होता. पाहुणा म्हणून मिळालेल्या पासची वाढवून घेतलेली मुदत पुढच्या शनिवारी संपत होती. तोवर त्यांना परत जावं लागणार होतं, आणि परत जायला दौंडमध्ये त्यांचं घर उरलं नव्हतं. ते त्यांनी माझ्या सांगण्यावरून सोडलं होतं.

टॅम्पिनीसच्या आमच्या घरून आम्ही चौघं निघालो. मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि बाबा. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. स्टेशन बघायला जायचं म्हणून सकाळी त्यांनी तो स्वतः काढून ठेवला होता. एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरून पुढे चालत गेलो. रूळ केव्हाच उखडले आहेत, तिथे आता झाडांमधून जाणारी लांब पायवाट आहे. लोक पळतात, सायकली फिरवतात. बाबांनी त्या पायवाटेपाशी थांबून आधी डावीकडे, मग उजवीकडे पाहिलं आणि मगच ती ओलांडली.

मुलगी म्हणाली, "आजोबा, नो ट्रेन, हाऊ कॅन बी स्टेशन लाह?"

बाबांना इथल्या इंग्रजीतलं ते शेपूट 'लाह' सोडून सगळं कळलं. "इमारत आहे ना अजून, म्हणून," ते म्हणाले. मग नवऱ्याने तिला घेऊन भाड्याच्या सायकली काढल्या. तसं आमचं आधीच ठरलं होतं. तासाभराने येतो, असं म्हणून तो माझ्याकडे बघून गेला. त्या बघण्यात 'आज तरी सांग' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

स्टेशन लहानसंच होतं. विटांची बैठी इमारत, उतरतं छप्पर, पुढे प्लॅटफॉर्म. तिकिटाच्या खिडकीतून आता बिअरचे ग्लास बाहेर येत होते. सिग्नलचे लोखंडी दांडे रंगवून ओळीत उभे ठेवले होते आणि त्यांना गिऱ्हाइकांच्या छत्र्या अडकवल्या होत्या. बाबांनी त्या छत्र्यांकडे पाहिलं. वेट्रेसने विचारलं, आत बसणार की प्लॅटफॉर्मवर? बाबा मला मराठीत म्हणाले, "प्लॅटफॉर्मवर खुर्च्या टाकल्यात होय? पब्लिकने जायचं कुठून?" तरी बसलो तिथेच. दोन्ही टोकं दिसतील अशी खुर्ची त्यांनी निवडली.

त्यांच्यासाठी लिंबाचं सरबत सांगितलं आणि स्वतःसाठी बिअर. जन्मात पहिल्यांदा बापासमोर बिअर मागवली, इतकी माझी पाचावर धारण बसली होती. ग्लास आला तेव्हा बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग झाडांकडे पाहत राहिले. पूर्वी घर डोक्यावर घेतलं असतं. आता मुलीच्या घरी राहणारा माणूस मुलीच्या ग्लासाबद्दल बोलत नाही, हे मला कळलं आणि ते ओरडले असते तर बरं, असं वाटलं.

सरबत अर्धं झाल्यावर ते उठले आणि आत फेरी मारायला गेले. मी मागोमाग गेले. मास्तरांच्या खोलीत चार टेबलं होती, भिंतीवर जुने फोटो होते, आणि कोपऱ्यातल्या फळीवर एक लाल रंगाचं जड लोखंडी यंत्र होतं. त्याच्या डोक्यावर कुणीतरी मनीप्लांटची कुंडी ठेवली होती. बाबा थबकले. कुंडी दोन्ही हातांनी उचलून त्यांनी बाजूच्या टेबलावर ठेवली आणि यंत्राच्या पुढच्या फटीत बोट घातलं.

"टोकनचं मशीन," ते म्हणाले. "आमच्याकडे यातनं लोखंडी गोळा निघायचा. यांच्याकडे किल्ली दिसतेय. काम तेच."

ते काम मला लहानपणापासून पाठ होतं, तरी मी त्यांना सांगू दिलं. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांत मिळून यंत्रांची एक जोडी असते. आपल्याला गाडी सोडायची असेल तर पुढच्या स्टेशनला विचारायचं. तिथला मास्तर आपली लाइन मोकळी आहे याची खात्री करतो आणि मग लाइन क्लिअर देतो. त्याने दिला तरच आपल्या यंत्रातून गोळा निघतो. तो गोळा ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी इंचभर हलत नाही. "एकटं मशीन म्हणजे नुसतं लोखंड," बाबा म्हणाले. "दुसऱ्या टोकाला माणूस पाहिजे." मग त्यांनी कुंडी होती तशी परत ठेवली.

आमच्या घरात हा शब्द रोजचा होता. पाणी तापलं, लाइन क्लिअर. बाथरूम रिकामं, लाइन क्लिअर. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बाबांनी ऑफिसमधून पोर्टरकडून निरोप पाठवला, स्वयंपाक झाला असेल तर दोन माणसांना जेवायला आणतो. आई शेजारी गेली होती. मी ऐटीत सांगून टाकलं, लाइन क्लिअर. माणसं आली तेव्हा चुलीवर नुसतं आधण होतं. आईला लाजेने तोंड दाखवायला जागा उरली नाही. पाहुणे गेल्यावर बाबांनी मला समोर बसवलं. मारलं नाही. "या शब्दावर माणसं निघतात," एवढंच म्हणाले. नंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मार परवडला असता.

तर अशा घरात वाढलेल्या मुलीने काय करावं? आई गेल्यावर तीन वर्षं मी बाबांच्या मागे लागले होते, इकडे या म्हणून. त्यांचं एकच, "मुलीच्या घरी पाहुणा म्हणून येईन. मुक्कामाला नाही." मग गेल्या वर्षी ते मोरीत पडले आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. मला हे कळायला दुसरा दिवस उजाडला, तेही घरमालकाकडून. मी फोनवर रडले, भांडले, आईची शपथ घातली. शेवटी ते म्हणाले, "तुझ्या त्या पासचं झालंय का? नक्की?"

मी म्हणाले, "बाबा, लाइन क्लिअर. निघा."

पास झालेला नव्हता. अर्जसुद्धा भरलेला नव्हता. पण माझा पगार अटीत बसत होता, ओळखीच्या दोन घरांत आईवडील असेच येऊन राहिले होते, अर्ज म्हणजे नुसता सोपस्कार असं मी धरून चालले होते. बाजारात तुरी, अन् मी इकडे बाबांची खोलीसुद्धा लावून मोकळी झाले होते. त्यानंतर अकरा दिवसांनी वन-नॉर्थ भागातल्या माझ्या ऑफिसात आमची सगळी टीमच काढून टाकली. धावाधाव करून दुसरी नोकरी मिळवली. कामाचा नवीन पास मिळाला, आम्ही सिंगापुरात राहू शकलो, पण पगार खाली आला आणि आईवडिलांना आणण्याच्या अटीत तो बसेना. नवऱ्याचा तर आधीपासूनच बसत नव्हता.

तोवर बाबांनी निघायच्या तयारीत घर मोडायला घेतलं होतं. स्टेशनजवळच्या दोन खोल्या, बावीस वर्षांचं भाड्याचं घर. घरमालक जागेवर डोळा ठेवूनच होता, त्याने आठवड्यात नवा रंग दिला. कपाट आणि खाट कामवाल्या मावशींना, आईची भांडी काकूला. या सगळ्याची बातमी बाबा मला फोनवर रोज द्यायचे, आणि मी "छान, छान" म्हणायचे. तेव्हाच 'थांबा' म्हणता आलं असतं. मी म्हणाले नाही, कारण म्हणायला लाज वाटली. आणि अर्ज केला तर कोण जाणे, होईलही, असं मनात होतं. ही माझी आशा म्हणजे निव्वळ भित्रेपणा होता, हे आज कबूल करते.

आम्ही परत प्लॅटफॉर्मवर येऊन बसलो. बिअर कोमट झाली होती. मी मोबाइल काढला, मेल उघडली आणि त्यांच्यापुढे ठेवली. तोंडाने सांगायचं धैर्य तेव्हाही झालं नाही.

बाबांनी चष्मा लावला. सरकारी कागद वाचायची त्यांना सवय होती. एकदा वाचली. मग वर सरकवून तारखेसकट पुन्हा वाचली.

"शुक्रवारची आहे," ते म्हणाले.

"हो."

"अपील?"

"हे अपिलाचंच उत्तर आहे, बाबा. पहिला नकार तुम्ही यायच्या आधीच आला होता."

त्यांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. "मग फोनवर मला सांगितलंस तेव्हा काय मिळालं होतं?"

शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता, टाळ्या वाजत होत्या. मी म्हणाले, "काही नाही. अर्जही केला नव्हता."

ते चिडतील म्हणून मी वाट पाहत होते. ते चिडले नाहीत. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले, बराच वेळ. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग आता मी जायचं कुठं?"

चौतीस वर्षं लोक त्यांना हे विचारत होते. कुठली गाडी, कुठे बदलायची, कुठे उतरायचं. त्यांनी कुणाला विचारलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. मी नुसतंच बोलत सुटले. पुण्यात चुलतभावाकडे महिनाभर, मग एखादी चांगली सोय बघू, सहा महिन्यांत मी नोकरी बदलते, पगार वाढला की पुन्हा अर्ज करते, नाहीतर आम्हीच परत येतो. बाबा ऐकत होते. माझं संपल्यावर ते म्हणाले, "सरबत चांगलं होतं हं," आणि उठून प्लॅटफॉर्मच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. मी मागे गेले नाही. थोड्या वेळाने मुलगी सायकलवरून आली आणि त्यांनी तिला हात केला.

शनिवारी त्यांना विमानतळावर सोडलं. चुलतभावाने पंधरा दिवस ठेवलं, त्याच्याही घरात माणसं आहेत. आता ते पुण्याबाहेर एका वृद्धाश्रमात असतात. खोलीत तिघं आहेत. जेवण बरं आहे म्हणतात, पण ते सगळ्यालाच बरं म्हणतात. आम्ही परत गेलो नाही. मुलीची शाळा आहे, नवऱ्याची नोकरी आहे, माझी नोकरी नवी आहे. यातलं काहीच खोटं नाही, पण यातलं काहीही मला बाबांना मोठ्याने सांगता येत नाही. पगार वाढलेला नाही आणि वाढेल असं दिसतही नाही. पुन्हा अर्ज करायचा विषय घरात कुणी काढत नाही.

दर रविवारी मी फोन करते. ते नातीची चौकशी करतात, इथल्या हवेची करतात. रागाचा एक शब्द नाही. गेल्या रविवारी मी म्हणाले, "बाबा, दिवाळीला येतेय मी. तिकीट काढलं." तिकीट खरोखरच काढलं होतं.

"बरं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "जावईबापू आहेत का जवळ? जरा फोन दे त्यांना."

मी फोन दिला. नवऱ्याने ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

"हो, बाबा," तो हळू आवाजात म्हणाला. "काढलंय. मी स्वतः पाहिलंय तिकीट."