गोजरबाईनं विझवलेली चूल

दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला तुम्ही मागच्या वेळी भेटायला गेलात, तेव्हा तिथं चहा प्यालात ना? मग सांगा, तो चहा केला कोणी?

आठवत नसेल. आठवणार कसं? आपण ओट्यावर बसलेले असतो, कप आतून येतो, आपण फुर्र करून पितो. आत कोण आहे हे पाहायची आपल्याकडे रीतच नाही. धामणगाव बढ्याच्या गोजरबाईनं ते पाहिलं, म्हणून ही तिची गोष्ट.

गोजरबाई म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला, आपल्या विहिरीवर वांगी, मिरची, आंबाडी लावणारी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन गल्ल्या फिरायची, आठवडी बाजाराला मोताळा गाठायची. तोंड असं की भाव पाडून मागणाऱ्यानं हातातलं वांगं गुपचूप पाटीत ठेवून घरी जावं. एकदा ती स्वतःच बुलढाण्याच्या दवाखान्यात पडली होती. घरी आली तर भेटायला आलेल्या बायका उशाशी बसून, याच दुखण्यानं आजवर कोण कोण गेलं त्याची उजळणी करायला लागल्या. गोजरबाईनं थोडा वेळ ऐकलं, मग उठून बसली. म्हणाली, "माहंबी नाव धरा त्याच्यात अन् निंगा आता. मेली त पहिले तुमालेच सांगाले येईन." तेव्हापासून या समाचाराच्या रीतीवर तिचा दात होता.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. गावातल्या भगवानरावांची सून पुष्पाबाई, हिच्या पोटातली गाठ बुलढाण्याला ऑपरेशन करून काढली. घरी सोडताना डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, निवृत्तीला, समोर उभं करून बजावलं. ओझं उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, चुलीपुढं तर मुळीच नाही. वरची जखम दिसते, आतली दिसत नाही. निवृत्तीनं मान हलवली. बैलगाडीत कडब्यावर गादी घालून, बैल हळू हाकत त्यानं बायकोला घरी आणलं. इथपर्यंत सगळं झकास.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली.

भगवानरावांचं शेत मोठं, सोयरीक त्याहून मोठी. समाचाराला किती माणूस आलं, यावर घराची पत ठरायची. सासू अन्नपूर्णाबाई काही वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. पण डोळ्यांत मोतीबिंदू, जाळ दिसायचा नाही, आणि 'आपल्या घरून कोणी कोरड्या तोंडानं जात नाई' हे तिच्या हाडात मुरलेलं. ती चाचपडत चुलीकडं निघाली की पुष्पाबाई खाटेवरून म्हणायची, "राहू द्या आत्याबाई, मी करतो." तिला कोणी ऊठ म्हटलं नाही. तसंच कोणी झोपून राहा, असंही म्हटलं नाही. झाला एक चहा. मग दुसरा. मग सोयरे येतच राहिले.

त्या सकाळी गोजरबाई पाटी घेऊन मागच्या दारानं आली. पाहते तर पुष्पाबाई चुलीपुढं उकिडवी. एका हातात फुंकणी, दुसरा हात पोटावर दाबलेला. हाताखाली लुगडं ओलं झालेलं.

"काय वं पुष्पे, काय करून राह्यली?"

"चहा, मावशी. पाव्हने आले. जानेफळहून माहे बाबा आले."

"कोनाले भेटाले आले?"

पुष्पाबाईनं खाली पाहिलं. "मले."

गोजरबाईनं पाटी खाली ठेवली. माठाच्या तळाशी उरलेलं पाणी तांब्यात काढलं आणि सरळ चुलीत ओतलं. फस्सकन आवाज झाला, राख छतापर्यंत उडाली. घरात मयत झाली तरच चूल थंड ठेवायची, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. अन्नपूर्णाबाईनं आवाजावरूनच ओळखलं आणि ओरडली, "अवं माय! जित्या घरातली चूल इझवली वं या बाईनं!"

"मी इझवली म्हनून सांजेले पेटन तरी, काकू. हे पोरगी गेली असती त तशीबी इझवाच लागली असती." मग पुष्पाबाईच्या काखेत हात घालून तिला खाटेवर निजवलं आणि तशीच राखेच्या हातानं ओट्यावर आली.

ओट्यावर भगवानराव, त्यांच्या शेजारी पुष्पाबाईचे वडील जानराव, आणखी एकदोन सोयरे. भगवानराव कडाडले, "गोजरे! भाजी इकाले आली का घर बुडवाले?"

तिनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. "जानराव, कोनाले पाहाले आले?"

"पोरीले," म्हातारा म्हणाला.

"मंग पाह्यली का?"

"नाई अजून. चहा झाला का पाहू म्हनलं."

"चहा थेच करून राह्यली होती. पोट दाबून."

भगवानरावांचा चेहरा लाल झाला. "उद्यापासून तुही पाटी या गल्लीत दिसली त पाह्यजो!"

"दिसन. मीबी दिसन. याच ओट्यावर बसलेली दिसन." गोजरबाई आत गेली, रिकामी घागर घेऊन आली आणि जानरावांपुढं ठेवली. "घरात पानी नाई. आता हे भराले कोन उठन, सांगा?"

म्हाताऱ्यानं घागरीकडं पाहिलं. पोरीच्या सासरी, सोयऱ्यांसमोर, बापानं पाणी भरायचं! भगवानराव धावले. "अहो ठेवा, व्याही! गाव काय म्हनन?"

जानरावांनी डोक्याचा फेटा काढून खुंटीला अडकवला, घागर खांद्यावर घेतली. "बाई, इहीर कोन्या अंगाले हाय?"

भर गल्लीतून सासरा पाणी घेऊन येताना निवृत्तीनं पाहिला, शेतातून गाडी घेऊन येताना. त्यानं घागर ओढून घेतली, घरात आला, बायकोचं लुगडं पाहिलं आणि बैल सोडायच्या आधीच तिला गाडीत निजवून मोताळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. जखमेचं एक टोक उसवलं होतं. डॉक्टरनं पट्टी बांधली आणि निवृत्तीला असं फैलावर घेतलं की परत येताना त्यानं बैल पहिल्याहून हळू हाकले.

दुसऱ्या सकाळी गोजरबाई ओट्यावर हजर. पाटी पुढ्यात, पाय पसरलेले. समाचाराला बाई आली की तिच्या पदरात आंबाडी. "बसा, तोंड चालते तसे हातबी चालू द्या." पुरुष आला की घागर, नाही तर कुऱ्हाड आणि लाकडं. एक सोयरा चिडला, "आमी भेटाले आलो का मजुरीले?"

"मजुरीले त तिले लावलं होतं तुमी, पोट फाडलेलं असताना!"

काहीजण गल्लीच्या तोंडावरूनच परत फिरले. भगवानराव कुरकुरले, माणसं येईनाशी झाली, घराचं नाव गेलं. "नाव गेलं त जाऊ द्या," गोजरबाई म्हणाली, "सून हाय ना." तिला गावानं नाव ठेवलं, समाचाराची मुकादमीण. तिनं ते पाटीसारखंच डोक्यावर मिरवलं. अन्नपूर्णाबाई महिनाभर तिच्याशी बोलली नाही. पुढं एक दिवस आंधळ्या हातांनी स्वतःच पाला निवडायला बसली आणि दारात आलेल्या बाईला म्हणाली, "आधी हे घे निवडाले, मंग बोल." भगवानरावांनी मात्र गोजरबाईला कधी माफ केलं नाही. वांगी तिचीच खात राहिले.

कापूस फुटला तेव्हा पुष्पाबाई आपल्या पायानं गोजरबाईच्या विहिरीवर गेली. ताठ चालत, रिकाम्या हातानं.

"चहा घेशीन का वं?"

"कोन करते?"

"तू त नाईच!" म्हणत गोजरबाईनं तिला बाजेवर बसवलं आणि काड्या मोडायला घेतल्या.

तेव्हा आता एवढं करा. पुढच्या वेळी कोणाच्या समाचाराला जाल, तेव्हा ओट्यावर बसू नका. सरळ आत जा आणि चुलीपुढं कोण आहे ते पाहा. ज्याला भेटायला आलात तेच माणूस तिथं असेल, तर तांब्या उचला, चूल विझवा. कोणी अंगावर आलं तर खुशाल गोजरबाईचं नाव सांगा. आणि निघताना घागर रिकामी दिसली, तर भरून ठेवल्याशिवाय त्या घराबाहेर पडू नका.