मातामायचं अर्धं लुगडं

जूनमधला तिसरा सोमवार, सकाळचे अकरा. ठिकाण: कॉलेजातली प्रवेशाची खिडकी. हजर: मी, वय सत्तेचाळीस; मुलगी सुषमा; खिडकीतले बाबू; आणि नातीच्या प्रवेशासाठी बाकावर बसलेली अड्याळ गावची एक अनोळखी म्हातारी.

मला बी.ए.ला धर्माचा विषय हवा होता. अर्जात रकाना होता, 'विषय निवडण्याचे कारण'. घरून दोन कारणं लिहून नेली होती: वाचनाची आवड, वर्ग सकाळी असतात. दोन्ही खोटी. यजमानांच्या आजारात लोकांनी सांगितलेलं प्रत्येक व्रत मी केलं, यादीत खूण केली. गावदेवी मातामायला आमच्याच मागावर विणलेल्या लुगड्याचा नवस बोलले. ते अर्धं झालं आणि हे गेले. तेरावं उरकल्यावर मी लुगडं मागावरून कापून काढलं. आता शिकून सवरून देवाला जाब विचारायचा होता.

"माय, ज्याच्याशी भांडण, त्याच्याच घरी शिकाले जाऊन राहिली तू," सुषमा म्हणाली.

बाबू हसले. "काकू, एका ओळीत लिवा जी."

कागदपत्रं मी मुद्दाम त्याच अर्ध्या लुगड्यात बांधली होती. म्हातारीनं काठ चिमटीत धरला. "काहून कापलं हे? मागावर दोऱ्यांची टोकं तरी ठेवली का?"

कापड उतरवताना विणकर टोकं राखतो. नवा ताणा, म्हणजे उभे दोरे, त्यांनाच गाठी मारून जोडतात. मी रागात सगळी उपटली होती.

"नाही ठेवली. हे गेले, रागात कापलं."

"मंग एकेक दोरा फणीतून नव्यानं ओवा लागते. पोरगा गेला तवा मीबी असंच केलं. रागात डोकं कुठी चालते! शेजारीण आली म्हणून माग लागला. एक जण दोरा देते, दुसरी ओढते. एकटीनं नाही होत, बाई. मले निरोप धाड, मी येईन."

तिनं देवाचं नाव काढलं नाही. मी दोन्ही कारणं खोडली आणि लिहिलं, 'भांडण आहे. एकटीनं मिटत नाही.' बाबूंनी वाचलं, हसले नाहीत, शिक्का मारला.

राग गेलेला नाही. यांना का नेलं, ते तीन वर्षं शिकूनही कळेल असं वाटत नाही. पण सगळ्या खुणा केल्या की देव बांधला जातो, ही माझी समजूत त्या बाकावर सुटली. त्या बाईचे उपकार आहेत. नातीसाठी आलेली ती नेमकी त्याच वेळी तिथं कुणी बसवली, हे मी विचारत नाही.

अर्ज: झाला. फोटो: दिले. माग ओवणे: बाकी. अड्याळला निरोप अजून धाडलेला नाही.