पाळकाची खोली तयार आहे

गेल्या वर्षीचा जून महिना, दुसरा सोमवार, सकाळ. उदगीर स्टेशन. हजर: मी, माझी बायको स्मिता, आमची मुलगी, आई, आणि मंडळीचे पंच येसूदासकाका. गैरहजर: गावची बाकी सगळी लुथरन मंडळी. पेरणीचे दिवस होते आणि स्टेशनवर येऊ नका असं मीच बजावलं होतं. रडारड सुरू झाली की सामान मोजायचं राहतं.

उदगीरजवळच्या आमच्या गावचा मी पाळक होतो. तिथल्याच चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला आणि तिथंच नऊ वर्षं मी उपदेश केला. मग मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याच्या मुख्य ऑफिसात बदली मागून घेतली. गाडी आली तेव्हा चर्चची किल्ली मी आईच्या हातात ठेवली.

"नवे साहेब येईपर्यंत सांभाळते," आई म्हणाली. "पण माणूस नीट बघून धाड. मागच्यासारखा नको."

"मागचा म्हणजे मीच की, आई."

"म्हणून तर सांगायले."

काका हसले. मी पेट्या मोजत होतो.

बाहेर पडलेली माणसं बहुतेक वेळा मागे राहिलेल्यांना उद्देशून लिहितात. मी आधी तुम्हाला लिहितोय, जे माझ्यासारखे उदगीर, देगलूर, मुदखेडहून निघालात आणि आता हडपसरला नाहीतर हैदराबादला फ्लॅटचा मेन्टेनन्स भरता. गावाकडच्यांनी हे वाचण्याआधी मला त्यांच्यासमोर बसून एक गोष्ट बोलायची आहे.

इथं रविवारची उपासना दोन वेळा होते. गीताचे शब्द स्क्रीनवर येतात, पार्किंगसाठी वेगळा माणूस आहे, आणि मी नसलो तरी दुसरा पाळक असतो. गावात उपासनेआधी काका कुणाचा बैल सुटला, कुणाची सून बाळंत झाली, हे सगळं सांगत बसायचे. शेवटी आई मागून म्हणायची, "आता देवालाबी बोलू द्या." मला तेव्हा ती वेळेची नासाडी वाटे. आता उपासना ठरल्या मिनिटाला सुरू होते आणि शेजारी बसलेल्याचं नाव मला माहीत नसतं.

ऑफिसात माझ्याकडे नेमणुकांचं काम आहे. पाळक थोडे, मंडळ्या जास्त. यंदा लहान मंडळ्या जवळच्या मोठ्या मंडळीत सामील करायचं ठरलं आणि मसुदा मी केला. आमच्या गावात उरलेली माणसं म्हातारी, चर्चचं छप्पर गळतं, उदगीरला जायला जीप मिळते; म्हणून ती मंडळी उदगीरच्या मंडळीला जोडावी, असं मी लिहिलं. कुणीही शांतपणे विचार केला असता तर हेच लिहिलं असतं. समितीनं ते मंजूर केलं आणि गावाला कळवायचं काम साहजिकच गावच्या माणसावर सोपवलं.

मागच्या महिन्यात मी तेवढ्यासाठीच गेलो.

चर्चला लागून पाळकाची खोली आहे. आईनं ती आतून चुना लावून घेतली होती. बाज, गादी, टेबल, खिडकीला आपल्या जुन्या लुगड्याचा पडदा.

"नव्या साहेबांना लेकरं हाईत का? म्हंजे दुसरी बाज टाकायची का, ते सांग."

"अजून ठरलं नाही, आई."

"लई सावकाश चालतंय की रे तुझं ऑफिस."

गुडघ्यांमुळे तिला पायऱ्या चढवत नाहीत आणि घरात ती एकटी असते. स्मिता तिला पुण्याला ये म्हणून किती वेळा म्हणाली. आईचं उत्तर ठरलेलं: किल्ली कुणाकडं देऊ? नवा पाळक येणारच नाही हे कळलं तर ती आपल्याकडे यायला मोकळी होईल, असं स्मिताचं म्हणणं. मला भीती वाटते की तिचं सकाळी उठायचं कारणच जाईल.

रविवारी चर्चमध्ये गेलो तर टेबलावर थाळी आणि प्याला, वर पांढरं कापड. मी येणार म्हणून मांडलं असेल असं वाटलं.

"न्हाई साहेब," काका म्हणाले, "दर म्हैन्याच्या पैल्या रविवारी मांडतोत. गीत म्हणतोत, प्रार्थना करतोत, अन् झाकलेलंच परत ठेवतोत. पाळकाबिगर प्रभुभोजन द्यायचं न्हाई, तुम्हीच शिकवलं की."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

आधी पापकबुली झाली. जे केलं त्याबद्दल, आणि जे करायचं राहिलं त्याबद्दल. मी त्यांना देवाची क्षमा जाहीर केली. मग भाकर, मग प्याला. आई सगळ्यात शेवटी होती. घरात अरेतुरे करणारी माझी आई चर्चमध्ये मला पाळकसाहेब म्हणते. तिनं दोन्ही हात पुढे केले.

पहिलं प्रभुभोजन घेण्याआधी मुलांना बसावं लागतं त्या दृढीकरणाच्या वर्गात मी शिकवायचो, की पाळक कसाही असला तरी प्रभुभोजन खरं असतं. कृपा देणाऱ्याच्या लायकीवर अवलंबून नसते. घेणाऱ्यांना हा मोठा दिलासा आहे. त्या दिवशी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो. कृपा कमवावी लागत नाही हे मला तोंडपाठ आहे, पण खिशात तो ठराव ठेवून ती कशी घ्यायची, हे मला कळलं नाही.

वाईट बातमी माणूस जेवल्यावरच सांगायची, हा आईचा नियम. मी एकदा नापास झालो तेव्हा बाबांचं ताट उचलेपर्यंत तिनं तोंड उघडलं नव्हतं. म्हणून मी जेवणापर्यंत थांबलो. जेवण झालं. चहाही झाला.

"आमची कबुली तुम्ही ऐकली," काका म्हणाले. "तुमची तिकडं कोण ऐकतं?"

"बिशपसाहेब."

"त्यायला येळ हाय का?"

सगळे हसले. मीही हसलो आणि संध्याकाळच्या गाडीत बसलो.

घर म्हणजे आता मला ती जागा, जिथं माझा शब्द कुणी तपासून बघत नाही. मी 'अजून ठरलं नाही' म्हटलं, की त्यांच्यासाठी ठरलेलं नसतं.

काल आईचा फोन आला. वरच्या गल्लीतल्या एका बाईनं नातवाचा बाप्तिस्मा नव्या साहेबांच्या हातून करायचा म्हणून थांबवून ठेवलाय. "अजून किती थांबू म्हणायली. काय सांगू तिला?"

रविवारी सांगतो, असं मी म्हणालो.

आज शनिवार. उद्याचा उपदेश तयार आहे, ऑफिसची पत्रं गेली, हे लिहिणंही आटोपलं. आईला सांगायचं राहिलं आहे.